रिकाम्या हातांची सहल

दत्ता आणि सरिता यांना मी आधी ऐकलं, पाहिलं नंतर.

सोळा वर्षं झाली. जर्मनीत, गार्चिंगला मुलाकडे, उत्कर्षकडे, मी पहिल्यांदाच आले होते. व्हिसा तीन महिन्यांचा. सुनेने, लतिकाने, तिसऱ्याच दिवशी मला इमारतीच्या तळघरात नेऊन कपडे धुवायचं मशीन शिकवलं आणि ती कामावर गेली. या तळघराला केलर म्हणतात. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाची जाळीची एकेक खोली असते, अडगळ ठेवायला. मी मशीनसमोर स्टुलावर बसून कपडे गोल फिरताना बघत होते. त्याहून मोठी करमणूक तोवर मला त्या गावात सापडली नव्हती. तेवढ्यात जाळीपलीकडून मराठी कानावर आलं. परमुलखात आपली भाषा ऐकू आली की माणूस धावत जातो. मी मात्र जागची हलले नाही, कारण ते भांडण होतं, आणि चांगलं रंगात आलं होतं.

"आईचे शूज बाहेर काढलेस तू?"

"अगं, दोन किलो जास्त होतंय. काहीतरी काढायलाच लागणार."

"मग त्या विष्णूंच्या चॉकलेटांचे डबे काढ. चार आहेत."

"ते कसे काढू? शब्द दिलाय मी त्यांना."

"आणि मला काय दिलंयस?"

"आपले शूज काय, घरचेच आहेत. पुढच्या खेपेला नेऊ."

मग थोडा वेळ नुसती बॅगेची चेन ओढल्याचा आवाज. आणि मग ती बाई म्हणाली, अगदी हळू, म्हणून मला कान द्यावा लागला, "अरे दत्ता, आपल्या बॅगेत आपलं कधी काही असतं का रे? जिथे जाऊ तिथे तुझ्या हातांकडे बघत माणसं उभी. एकदा तरी मला अशा ठिकाणी ने, जिथे तुझी वाट बघणारं कुणी नसेल."

दोघं बाहेर आली तर समोर मी, नऊवारीत, स्टुलावर.

"आजी, तुम्ही... कधीपासून बसलाय इथे?" तिने विचारलं.

"आत्ताच आले," मी म्हटलं.

तिने एकदा मशीनवरच्या आकड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, यांची बादली वर नेऊन द्या." भांडताना अरे, माणसांत अहो. बाई शहाणी होती. दत्ताने माझी ओल्या कपड्यांची बादली तीन जिने चढून वर आणून दिली. आमची ओळख झाली ती अशी, माझं ओझं त्याच्या हातात.

सरिताची आई फलटणला असायची. गुडघ्यांनी बेजार. तिच्यासाठी सरिताने इथल्या मऊ तळव्यांचे शूज घेतले होते. ते पुढच्या खेपेला जायचे होते. त्याआधी आईच गेली.

त्यानंतर सरिता पार्सलांबद्दल एक अक्षर बोलली नाही, भांडली नाही. आता जी बाई भांडायची थांबते तिच्या नवऱ्याने सावध व्हायला हवं, पण हे पुरुषांना कुणी शिकवत नाही.

दत्ताचं काम उंटरश्लाइसहाइमला, एका सॉफ्टवेअर कंपनीत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना दाखवायच्या. इतकं करूनही त्याच्याशी कुणाचं वाकडं नाही, यावरून माणूस कसा असेल बघा. पण आमच्या मराठी मंडळींत त्याला नोकरीवरून कुणी ओळखत नाही. "आपला दत्ता पुण्याला चाललाय" एवढी बातमी निघायची, की म्यूनिकपासून हायडेलबर्गपर्यंत फोन खणखणायला लागायचे. "एवढंसं पाकीट आहे हो." "हाताएवढाच डबा आहे." हात कुणाचा ते सांगत नसत.

दत्ता नाही म्हणत नसे. पण त्याचे नियम होते. बंद खोकं घेणार नाही, त्याच्यासमोर उघडून दाखवायचं. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला तो स्वतः टेप लावणार, तीन वेढे. प्रत्येक पुडीवर जाड पेनाने नाव, गाव आणि आत काय. खिशात मुठीएवढा हुकवाला काटा, बॅग लटकवून वजन करायचा. परतताना विमानतळावर सगळे हिरव्या दारातून, दाखवण्यासारखं काही नाही म्हणत, सटासट निघून जात, हा आपणहून लाल दारात कस्टमवाल्यांपुढे उभा. एकदा त्याने त्यांना गोडा मसाला कसा करतात ते सांगितलं होतं. त्यातल्या एका बाईने म्हणे लिहून घेतलं.

आणि पोचवायचा तो हातात. कोथरूड असो, हडपसर असो, रिक्षा करून जायचा. समोरच्याने पुडी उघडून, सगळं नीट आहे म्हणेपर्यंत चहाला बसायचा नाही. मग चहा पिता पिता त्या माणसाला डोळ्यांत भरून घ्यायचा, आणि इकडे येऊन ज्याचं त्याला सांगायचा. "तुमच्या वडिलांचं वजन थोडं उतरलंय, पण आवाज खणखणीत आहे. जिना चढताना मध्ये थांबत नाहीत." फोनवर सगळी म्हातारी माणसं "मी बरा आहे" म्हणतात. खरी बातमी दत्ताकडून मिळायची.

मी एकदा विचारलं होतं, "तुला ही हौस लागली कुठून रे?"

"आजी, मी हायडेलबर्गला शिकायला आलो ना, तेव्हा आईने एका गृहस्थांबरोबर बेसनाचे लाडू पाठवले होते. ते राहायचे फ्रँकफुर्टला. म्हणाले, येऊन घेऊन जा. मला परीक्षा, मला जमेना. त्यांना पाठवायला जमेना. तीन महिन्यांनी गेलो. लाडवांना बुरशी."

"टाकलेस?"

"वरचं खरवडून खाल्ले. सगळे." मग म्हणाला, "तेव्हाच ठरवलं, आपल्या हातून कुणाच्या आईचं काही अडकायला नको."

मला ते शूज आठवले. मला गप्प बसायला फार त्रास होतो, पण बसले.

आता बेटाची गोष्ट.

इथल्या औषधांच्या दुकानातून वर्षअखेरीला कॅलेंडर फुकट मिळतं. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका कॅलेंडरात नोव्हेंबरच्या पानावर एक समुद्रकिनारा होता. कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटाचा. पांढरी वाळू, निळं पाणी, एक लाकडी पाटी आणि माणूस एकही नाही. सरिताने ते पान कापून फ्रीजवर लावलं. वर्षं गेली, फ्रीज बदलला, पान नव्या फ्रीजवर आलं. त्या बेटाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी आपलं बेटच म्हणते. पाचशे वर्षांपूर्वी कोलंबस तिथे उतरला, असं ती पाटी सांगते. आजूबाजूची बेटंही म्हणतात, आमच्याकडेच उतरला. असेल. उतरून उतरून दमला असेल.

दत्ताला त्या कोलंबसाचा भारी राग. "आजी, निघाला होता आपल्याकडे, मिरी न्यायला. पोचला भलतीकडे. बरं, चुकतो माणूस. पण दाराशी आल्यावर विचारायचं ना, हे घर कुणाचं? ते नाही. उलट तिथल्याच लोकांना म्हणतो, तुम्ही हिंदुस्थानी."

"आणि पुढे त्या बिचाऱ्यांची धूळधाण केली," मी म्हटलं. लतिकाने मला त्याच्यावरचा एक कार्यक्रम दाखवला होता.

"गेनाऊ!" दत्ता म्हणाला. म्हणजे, तेच तर. इथे राहून हा शब्द त्याच्या तोंडी बसलाय.

यंदा त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यातच दत्ताच्या मणक्याने दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, पाच किलोच्या वर उचलायचं नाही. मुलगी तनया हायडेलबर्गला शिकते. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती फोनवर ओरडली, "मामा, फाहर्ट दोख एंडलिख!" जा की एकदाचे, असा त्याचा अर्थ. इथे आईला मामा म्हणतात, त्याची सवय व्हायला मला दोन खेपा लागल्या.

तर दत्ताने मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढली, बेटाची. आणि महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात, सगळ्यांचे श्रीखंडाचे वाडगे हातात असताना, त्याने जाहीर केलं, "यावेळी एक पुडीसुद्धा नाही. मी सरिताला शब्द दिलाय."

"तिथे आपलं आहेच कोण, पाठवायला!" मंडळींतला श्रीरंग म्हणाला, आणि सगळे हसले.

मी श्रीखंडात तोंड घातलं. कारण तिथे माझा सिद्धांत होता.

सिद्धांत माझ्या धाकट्या बहिणीचा नातू. त्या बेटावर डॉक्टरकीचं कॉलेज आहे, आपली बरीच मुलं जातात म्हणे तिकडे. त्याचा फोन आला की मी विचारायची, "खायचे हाल नाहीत ना?" तो म्हणायचा, "सगळं मिळतं गं आजी. मेतकूट तेवढं नाही." अलीकडे त्याचा आवाज जरा पडलेला वाटायचा. आणि माझ्या बॅगेत, कऱ्हाडहून मी स्वतः डाळी भाजून, दळून आणलेलं किलोभर मेतकूट होतं. बेटावर जाणारा माणूस वरच्या मजल्यावर राहत होता. पण सोळा वर्षांपूर्वीचं ते बोलणं मी या कानांनी ऐकलं होतं. मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. उत्कर्षलाही बजावलं.

उत्कर्षच्या पोटात काही राहिलं असतं तर तो माझा मुलगा कसला? चार दिवसांत दत्ता आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा.

"आजी, तुमचा नातू तिथे आहे, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कोण नातू?"

"सिद्धांत."

"हां, तो. आहे खरा. पण त्याला हल्ली मेतकूट सोसत नाही."

दत्ता माझ्याकडे बघत राहिला. "मेतकुटाचं मी नावही काढलं नव्हतं."

लतिका ओट्याशी उभी राहून हसू दाबत होती. मी तिला कोथिंबीर आणायला पिटाळलं.

"दोनशे ग्रॅम द्या," दत्ता म्हणाला. "जॅकेटच्या खिशात मावेल. सरिताला कळणारही नाही."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "दत्ता, त्या दिवशी केलरमध्ये मी आत्ता आले नव्हते. चॉकलेटांच्या चार डब्यांपासून सगळं ऐकलंय मी. शूजही. ती तुला कुठे ने म्हणाली होती, तेही."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शाळेत पकडलेल्या मुलासारखा दिसत होता.

"ती परत कधी बोलली नाही त्यावर," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

"दरवेळी बॅग बंद करताना मला ते शूज आठवतात, आजी. करड्या रंगाचे होते."

"मग यावेळी काही भरू नकोस. माझं तर नाहीच नाही. पोरगं भात-तूप खाऊन डॉक्टर होईल."

तो उठला, दाराशी थांबला. "शंभर ग्रॅम?"

"चालता हो," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सरिता आली. घराची किल्ली द्यायला, कुंड्यांना पाणी घालायचं होतं म्हणून. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आजी, मेतकूट काढा."

"कसलं मेतकूट?"

"ह्यांनी सगळं सांगितलं मला. तुम्ही ऐकलंत तेही. अहो, मशीनवर पंचवीस मिनिटं झालेली दिसत होती, मला तेव्हाच कळलं होतं."

"मी नाही देणार, सरिता. तुझी सहल आहे. रिकाम्या हातांनी जा."

"रिकाम्या हातांनी त्यांना न्यायचंय मला. मेतकूट माझ्या कपड्यांत राहील, त्यांना कळायचं नाही. शेवटच्या दिवशी विमानतळावर बोलावते पोराला." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं कशाला अडकायचं, आजी? द्या."

मी पाव किलो बांधून दिलं. गाठ ढिली बसली, ती तिने पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी कुंड्यांना पाणी घालायला वर गेले, तर दारामागच्या खुंटीवर दत्ताचा तो काटा लटकत होता. फ्रीजवर कॅलेंडराचं पान नव्हतं. ते सरिता बरोबर घेऊन गेली होती, तपासून घ्यायला असेल.

दोन आठवड्यांनी दोघं आली. सरिता किल्ली न्यायला खाली आली ती तासभर बसली. रंग रापलेला, आणि बोलणं असं की मला मध्ये शिरायला जागा नाही. एवढं बोलते ही मुलगी, मला माहीत नव्हतं.

तो किनारा बेटाच्या पार टोकाला. रस्ता संपतो तिथे जीपवाल्याने सोडलं, पुढे काटेरी झुडपांतून दीड तास चाल. दत्ताच्या पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या, बस्स. पोचले तर हुबेहूब फोटो. फक्त पाटीचा रंग उडालेला आणि पाटीखाली एक बकरी.

"वाट बघणारं कुणी नसेल म्हणाले होते ना मी," सरिता म्हणाली. "ती बकरी आली ती थेट ह्यांच्यापाशी, आणि ह्यांच्या हातांकडे बघत उभी! हे तिला म्हणतात, नाही गं, यावेळी काही आणलं नाही."

दत्ताला हात कुठे ठेवावेत ते कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा वाळूत फिरला. पाटी दोनदा वाचली. इथे म्हणे जहाजाची माणसं गोडं पाणी शोधत उतरली होती. "एवढ्या लांब आला," तो पाटीला म्हणाला, "आणि पत्ता विचारला नाही."

"तू विचारलास का कधी?" सरिताच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"आईच्या शूजचा नंबर काय होता, ते."

"अडतीस," दत्ता म्हणाला. लगेच. "डावा पाय जरा रुंद, म्हणून तू दोन दुकानं फिरून रुंद पंजाचे घेतले होतेस."

इथवर सांगून सरिताने किल्ली उचलली, परत टेबलावर ठेवली. मी चहाचं आधण वाढवलं, उगीचच.

"मग?"

"मग काही नाही. मी चपला काढल्या आणि ह्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, घे, धर काहीतरी, नाहीतर ही बकरी तुला सोडायची नाही. आणि पाण्यातून चालायला लागले. किनारा चांगला लांब आहे हो, आजी. टोकापर्यंत गेले आणि परत आले. हे मागे, चपला घेऊन. दोन्ही हातांनी धरल्या होत्या, तळवे वर करून. एकदा म्हटलं, ठेव खाली. तर म्हणे, नको, वाळू जाईल."

मग तिने फोटोही दाखवला. मोठा निळा समुद्र, आणि त्यात हा माणूस बायकोच्या चपला प्रसादासारख्या धरून उभा.

"आणि मेतकूट?" मी शेवटी विचारलंच.

सरिता हसायलाच लागली. शेवटच्या दिवशी सिद्धांत विमानतळावर आला. दत्ताने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. समोर एक मुलगा "सरिताकाकू?" म्हणत उभा, आणि आपली बायको बॅगेतून पुडी काढून त्याच्या हातात देतेय. दत्ता बघतच राहिला. सरिताला वाटलं, आता रागावणार, नाहीतर डोळ्यांत पाणी येणार. तर पुढे होऊन म्हणतो काय, "सरिता, गाठीवर टेप लावली होतीस का?"

"लावली होती?" मी विचारलं.

"तीन वेढे," ती म्हणाली. "बाकीचं ते सांगतील. तू काही सांगू नको म्हणालेत."

तिसऱ्या प्रहरी दत्ता खाली आला. दारात बूट काढले, जोडीने लावले. लतिकाने खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. वर जाड पेनाने लिहिलेलं: आजी, गार्चिंग. सिद्धांतकडून. जायफळं दोन.

"आजी, हे शेवटचं," तो म्हणाला. "मणका आहे, आणि सरिताला मी सांगितलंय. पुण्याच्या बॅगेत आता आमचंच सामान."

"बरं," मी म्हटलं. "लाल दारात दाखवलंस?"

"दाखवलं. ती मसालेवाली बाईच होती. वास घेतला आणि जा म्हणाली."

"पोरगं कसं आहे?"

"वजन दोनेक किलो उतरलंय. केस वाढवलेत, बरे नाही दिसत. एका पेपरात अडकला होता, म्हणून आवाज पडला होता. परत दिला, सुटला. आजीला सांगू नका म्हणाला, म्हणून सांगतोय. आता आवाज खणखणीत आहे."

मी डोळे पुसले, चष्मा पुसायच्या निमित्ताने.

"लतिका, चहा टाक गं दत्ताला."

"आधी उघडून बघा, आजी."

मी पुडी सोडली. टेपचे तीन वेढे होते, वेळ लागला. आत दोन जायफळं, अजून कवचातली, लाल जायपत्री लपेटलेली.

"दोन आहेत," मी म्हटलं. "नीट आहेत."

"गेनाऊ," दत्ता म्हणाला, आणि खुर्ची ओढून चहाला बसला.